मिरची न जाळता काढलेली दृष्ट

मुलगा इराकहून आला आणि त्याने फौज सोडली. इथेच, इंग्लंडात, नॉटिंगहॅममध्ये जन्मलेला, इथल्याच फौजेत गेलेला. पुढे कॉलेजात नाव घातलं, थोडे दिवस गेला आणि घरी बसला. वर्गातली पोरं विचारायची, तू कुणाला मारलंस का? शिवाय दाराकडे पाठ करून त्याला बसवतच नव्हतं. सोमवारी आला नाहीस तर जागा जाईल, असं कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. कॉलेजातलं मला काय कळणार? पण दृष्ट काढता येते. सोमवारी सकाळी त्याला किचनमध्ये खुर्चीवर बसवलं, मीठ, मोहऱ्या, मिरच्या उतरवल्या आणि तापलेल्या तव्यावर टाकल्या.

मोहऱ्या तडतडल्या, धूर झाला आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. काही कळायच्या आत मी फरशीवर पालथी होते. तो माझ्यावर आडवा, हाताने माझं डोकं झाकलेलं. कानाशी भराभर इंग्रजीत बोलत होता, कुणाचं तरी नाव घेत. झोपेतही तो तेच नाव घेतो.

"अरे, मी आहे. आई."

अलार्म थांबला तरी तो उठेना. त्याचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं. मग हळूच म्हणाला, "आई, मिरची जळला?"

"जळली. ऊठ आता, कंबर मोडशील माझी. केवढा घोडा झालायस."

थोडासा हसला. उठून त्याने गॅस बंद केला.

"कुणाला हाक मारत होतास रे?"

"माझा फ्रेंड. तो तिकडून परत नाही आला."

आज हा जात नाही, असं मी धरूनच चालले. पण त्याने तोंड धुतलं, खुर्ची दाराकडे वळवली आणि बसला. "परत कर. फायर नको."

मी नुसतं मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या. आल्यागेल्याची, भुताखेताची, असं पुटपुटताना जीभ अडली. तिकडेच राहिलेल्या त्या पोराला भूत कसं म्हणू? त्यालाही कुठेतरी आई असेल. मनात म्हटलं, बाळा, तू इथे बस माझ्यापाशी. ह्याला तेवढं कॉलेजला जाऊ दे.

मूठ उतरवून नळाखाली धुतली. मुलगा बॅग घेऊन उठला, "येतो" म्हणाला आणि खरंच बसस्टॉपकडे गेला.

आता रोज सकाळी असंच करते. तो गेला की दाराकडे तोंड केलेली ती खुर्ची संध्याकाळपर्यंत तशीच ठेवते. तिच्यावर मी बसत नाही.