पियानोनं दिलेली ओ

पियानोत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या बदलायला झाकण उघडलं, की तो वास मला थेट आमच्या शहरातल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका घराच्या बैठकीत नेऊन बसवतो. एका निवृत्त संगीत शिक्षिकेकडे आम्ही हा जुना पियानो बघायला गेलो होतो. माझ्या पोट्टीला, लेकीला, तो हवाच होता. आईला मात्र घरात 'आणखी एक कपाट' नको होतं, आणि तिनं 'हव' म्हणून होकार दिल्याशिवाय आमच्याकडे साधा स्टूलही येत नसे.

आरतीला पेटी वाजवतो म्हणून जाणकार मी. ऐटीत बसलो आणि पायपेटीचा भाता समजून पेडल दाबलं.

"भैया, इसमें हवा नहीं भरती," शिक्षिका हसल्या. लाजेनं माझा पाय तिथेच राहिला.

आई पियानोचं झाकण उचलून वरून आत डोकावली. "काहून रे, आत काही आहे का नुसतंच खोकं?"

आणि आतून तिचाच आवाज परत आला. शब्द नव्हते, नुसता सूर. पट्टीला कुणाचा हातही नव्हता, तरी साऱ्या तारा गुणगुणत होत्या. दचकून मी पाय उचलला, तसा सूर थांबला.

"पाय काहून उचलला?" आई कुजबुजली. मग पोट्टीला म्हणाली, "घेऊन टाक. आवाज दिला तर ओ देते हा. आपल्या घरी कोण देते?"

पेडल दाबलं की तारा मोकळ्या होतात आणि जवळचा आवाज त्यांच्यात घुमतो, हे शिक्षिकेनं तेव्हाच समजावलं होतं. समजलंही होतं.

आता आई नाही. गोळ्या बदलून झाल्या, की मी पेडल दाबून आत वाकतो, "आई" म्हणतो, आणि पाय उचलत नाही.