‘माती ओली झाली का?’

श्री. उत्तमराव खिल्लारे यांना मी प्रथम भेटले ती रुजू होण्याच्या दिवशी, सेनगाव तालुक्यातील आमच्या लहानशा पशुवैद्यकीय दवाखान्यात. मी शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर पदवी आणि सुवर्णपदक घेऊन आले होते. ते तेथे पंचवीस वर्षे पट्टीबंधक, म्हणजे मलमपट्टी करणारे मदतनीस, होते. दाराशी त्यांचे एक स्टूल असे. जनावर तपासण्याआधी ते मालकाला त्यावर बसवीत आणि कालपासूनची सगळी हकीकत ऐकून घेत. हा वेळेचा अपव्यय आहे, असे मी त्यांना सर्वांसमक्ष सुनावले. त्यांनी स्टूल उचलून आत ठेवले. दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा दाराशी होते.

साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या सेवेविषयी पुष्कळ जण लिहितील. मला एकाच प्रसंगाविषयी लिहायचे आहे. कारण तो मी पूर्वी एकदा लिहिला आहे, आणि खोटा लिहिला आहे.

शिलाईकाम करणाऱ्या शबानाआपा आपला बोका बादशाह टोपलीत घालून आल्या. "मॅडम, सकाळपासून कुंथून राहिला. बहोत तकलीफ हाय त्याला."

"आपा, बादशाह कितीदा बसला तख्तावर?" उत्तमरावांनी विचारले.

"हसू नका भाऊ. धा-बारादा बसला मातीच्या पाटीत."

"माती ओली झाली का?"

मी मध्येच म्हणाले, "उत्तमराव, निदान तुम्ही करणार की मी?"

"तुमीच, मॅडम."

पोट नीट न चाचपता मी बद्धकोष्ठ ठरवले आणि रेचक दिले. कुंथणाऱ्या बोक्याला शौचास होत नसावे, असे मालकाने समजणे स्वाभाविक आहे. मी समजणे अक्षम्य. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात खड्यांचा वा चिकट स्रावाचा बोळा अडकला की लघवी तुंबते. तो वारंवार बसतो, ओरडतो, खालचा भाग चाटत राहतो. थेंब मात्र पडत नाही. मग उलट्या, मग ग्लानी, आणि एक-दोन दिवसांत रक्तात साचलेले विष हृदय थांबवते. हे सारे मला पाठ होते.

त्या संध्याकाळी घरी जाताना उत्तमराव आपांकडे थांबले. जुन्या घमेल्यात चाळलेली राख पसरून बोक्याला त्यातच बसू द्या, असे सांगून आले. सकाळी मी पोचले तेव्हा ते बोका आणि घमेले दोन्ही घेऊन पायरीवर उभे होते. राखेत पंजांचे ठसे होते. ओलाव्याचा ठिपकाही नव्हता.

"मला काय कळतंय, मॅडम. पन एकदा तुमीच हात लावून बघा."

वाक्य त्यांनी असे रचले होते, की निदान माझेच राहावे.

मूत्राशय लिंबासारखे टणक लागले. गाई-म्हशींच्या त्या दवाखान्यात बोक्याला चालेल अशी नळी नव्हती. सलाईनच्या सुईवरची बारीक, मऊ नळी मी वापरली. उत्तमरावांनी बोक्याला टॉवेलात गुंडाळून धरले. बोळा सुटला. बादशाह वाचला.

पुढे एका परिषदेत मी हे प्रकरण मांडले. माझ्या नोंदींत मला खाडाखोड खपत नाही. म्हणून पहिल्या दिवसाची चूक मी खोडली नाही, वगळली. ‘पहिल्याच तपासणीत मूत्रावरोधाचा संशय आला’, असे लिहिले. त्यात राख नव्हती, उत्तमराव नव्हते. परिषदेने दिलेल्या प्रशस्तिपत्रात नेमके तेच वाक्य छापून आले. दवाखान्याच्या भिंतीवर त्यासाठी खिळा उत्तमरावांनी ठोकला. स्टुलावर उभे राहून त्यांनी विचारले, "सरळ हाय का, मॅडम?" मी होकार दिला.

सहा वर्षे ते रोज सकाळी त्या काचेवरून फडके फिरवीत आले. प्रशस्तिपत्र मराठीत आहे, आणि उत्तमराव रोजचे वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

गेल्या महिन्यात तालुक्यातल्याच गोरेगावहून एक आजी जीपने बोका घेऊन आल्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "कालपासून माती कोरडी हाय बाई. उत्तमरावानं सांगून ठेवलं व्हतं, वाट पाहू नका म्हणून." तो बोका वेळेत पोचला होता.

काल मी ती चौकट उतरवली. "काहून काढली, मॅडम?" त्यांनी विचारले. मी कागद घेऊन लिहायला बसले. हा लेख हे त्याचे उत्तर आहे, आणि ते सर्वांसमक्ष द्यायला हवे होते.

उत्तमरावांना निरोगी, निवांत आणि दीर्घ आयुष्य लाभो. ते निवृत्त झाले तरी स्टूल दाराशीच राहील. मालक त्यावर बसतील, मी ऐकेन, आणि पहिला प्रश्न उत्तमरावांचाच असेल.