विहित केलेलं बाकडं

विधिमंडळातली भाषणं लघुलेखनात टिपून घेण्यात माझं आयुष्य गेलं. तिथला एक शब्द मला फार आवडायचा: विहित. म्हणजे ठरवून दिलेलं. कायदा करताना अडचणीची जागा आली की लिहायचं, 'शासन विहित करील त्याप्रमाणे'. मग ते कोणी, कधी, कसं, हे सरकार नंतर बघणार. लोकांना वाटतं, सरकार सभागृहाचे अधिकार हिसकावून घेतं. छे हो! आमदारच ते ताटात वाढून, वर तुपाची धार सोडून देतात. मोघम कायद्याला टाळ्या पडतात आणि तपशिलाला शिव्या. टाळ्या आपण घ्याव्यात, शिव्या सरकारने खाव्यात, इतकी समंजस वाटणी सख्ख्या भावांतही होत नाही.

निवृत्तीनंतर परळच्या आमच्या चाळीत सभा भरली. विषय, गॅलरीतली अडगळ. आग लागली तर पळायला वाट नाही, हे सगळ्यांना पटलं. पण अडगळ कोणाची? एकाचं कपाट होतं, दुसऱ्याचं पिंप. नाव घ्यायचं कोणी? उद्या त्याच दारात विरजण मागायला जायचं असतं.  शेवटी एकाला सुचलं, "अडगळ म्हणजे काय, ते सेक्रेटरीच ठरवेल ना!" सुटकेचा असा निःश्वास मी फक्त सभागृहातच ऐकला होता. ठरावाची भाषा अर्थातच अनुभवी माणसाकडे आली. मी डौलात सांगितलं, "सचिव विहित करतील अशा वस्तू." सर्वानुमते मंजूर.

सेक्रेटरी भला मुलगा. पण कपाटवाला त्याचा मेव्हणा आणि पिंपवाल्याचा आवाज मोठा. एका सकाळी मी दूध घेऊन आलो, तर आमच्या दारासमोरचं आईचं बाकडं भंगारवाल्याकडे रवाना झालेलं. गुडघ्यांमुळे आईला जिना उतरवत नाही. खालच्या भाजीवाल्याशी भांडण, शेजारणींची ख्यालीखुशाली, संध्याकाळचा वारा, तिचं सगळं त्या बाकड्यावर व्हायचं. माझं डोकंच फिरलं.

तसाच सेक्रेटरीच्या दारात गेलो. तो चहा पीत होता.

"काका, माझ्यावर काय ओरडता? अधिकार तुम्हीच दिलात. शब्दपण तुमचाच." मग जरा ओशाळून म्हणाला, "आजी काही बोलणार नाहीत, म्हणून तिथनं सुरुवात केली."

मी घरी आलो. आई उंबरठ्यावर बसली होती. तिथून रस्ता दिसत नाही, फक्त कठड्याच्या फळ्या दिसतात. मी तिला सभा, ठराव, विहित, सगळं नीट समजावलं. आयुष्यभराचं ज्ञान कामाला आलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरां," ती म्हणाली, "आता मी खंय बसाचा, ता पण तोच ठरवतलो?"