प्रेसविना छापलेली फुलवाली

इंदूरला विजयनगरच्या थांब्यावर उतरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. काखेत पुठ्ठ्याची नळी, खांद्यावरच्या पिशवीत लाकडी ठोकळा. ठोकळ्यावरची, खजराण्याच्या गणपतीबाहेरची फुलवाली माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने, उमाने कोरलेली. नळीतल्या छापील प्रती मी पुण्यात काढलेल्या. पुण्यातलं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि प्रत्येक प्रतीखाली उमाची सही हवी होती. छाप मनासारखा उतरला नसेल तर आम्हा छापचित्रवाल्यांत सही करत नाहीत.

तिला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघांनी मिळून घेतलेला छपाईचा प्रेस मी स्टुडिओची जागा सोडताना विकला होता. तिला न विचारता. फोनवर ती विचारायची, "प्रेस बरा आहे ना?" मी म्हणायचो, "बरा आहे." या प्रती मी स्वयंपाकाच्या ओट्यावर, वरणाच्या डावाच्या पाठीने कागद घासून काढल्या होत्या.

"भिया, पाइप में क्या है?" रिक्षावाल्याने विचारलं.

"कागज."

"ऐसे पकड़ के बैठे हो, मैं समझा कट्टा (गावठी पिस्तूल) है."

वाटेत त्याने आग्रहाने पोहे खायला थांबवलं. वर शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला). तेलकट बोट नळीला लागलं आणि मी बशी खाली ठेवली. झाकण उघडून पाहिलं. आत काही पोचलं नव्हतं.

छत्रीबागेत दार उमाच्या जाऊबाईंनी उघडलं. "उमा, आले बघ तुझे पुणेवाले."

उमाने प्रती फरशीवर मांडल्या. समोरून पाहताना मान हलवत होती. मग एक उलटी केली आणि खिडकीशी नेली.

"सुधीर, ये क्या है? पाठ चमकतेय. प्रेसवर अशी चमकत नाही."

"डावाने घासलंय."

"क्यों? प्रेस कुठंय?"

"विकला. पाडव्याच्या आधीच."

तिने प्रत परत फरशीवर ठेवली. जाऊबाई दारातून म्हणाल्या, "चाय ठेवू, का पहले भांडून घेता?"

"ठेवा, वहिनी." मग माझ्याकडे न बघता, "मी विचारायची आणि तू तब्येत सांगितल्यासारखं सांगायचास."

तिने दोन-तीन प्रतींवरून बोट फिरवलं. "इथे लव उठलीय. कागद भिजवला होतास?"

"थोड्या प्रतींचा. प्रेसवर भिजवतो तसा."

"घासायला सूखा लागतो रे. इतकी वर्षं काय केलंस?"

तिने शाई काढली, ठोकळ्यावर रूळ फिरवला, कोरडा पातळ कागद ठेवला, वर जुनी चादर आणि पाट. "वहिनी, जरा इकडे या. पाटावर उभ्या राहा."

"चला, माझं वजन काहीतरी काम आलं."

"एका जागी नको, थोडं हला. अजून. बस."

कागद सोलला. फुलवालीचा पदर दाट काळा उतरला होता, एक कोपरा मात्र फिकट. उमा त्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग पेन्सिल माझ्या हातात दिली.

"हे प्रेसचे म्हणून जाणार नाहीत. आधी तू लिही, हाताने घासलेलं. फिर मी बघते."

मी प्रत्येक प्रतीखाली लिहिलं. लव उठलेल्या तिने बाजूला सारल्या. उरलेल्यांवर सही केली.

निघताना मी ठोकळा उचलायला गेलो. "तो राहू दे," ती म्हणाली. "आता छाप मीच काढीन. वहिनी आहेत."

परतीच्या बसमध्ये प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन आला. प्रती प्रेसवरच्याच ना, त्यांनी सहज विचारलं. मी म्हणालो, "नाही, हातच्या. प्रेस मी विकला." "कळवते," म्हणाल्या.

पुण्यात येऊन चार दिवस झाले, अजून कळवलेलं नाही. माझा स्वतःचा एक ठोकळा अर्धा कोरून पडला होता, तो पुरा केलाय आणि कोरडे कागद कापून ठेवलेत. पाटाखाली चादर दुहेरी घालायची का, हे उमाला विचारायचंय. फोन दोनदा हातात घेतला. विचारलं तर ती सांगेल, कामाचं ती कधी अडवून ठेवत नाही. त्यानंतर ती आणखी काही बोलेल की नाही, याचीच धास्ती वाटते.