मंगळाच्या चंद्राला अर्घ्य

हसणार नसाल तरच सांगते. बरं, हसा, पण हातातला चहा सांभाळा!

मी संकष्टी करते हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या वर्षी तर नवसाने करत होते. आमच्या सुनंदाच्या पत्रिकेत मंगळ, तोही कडक. तीन ठिकाणांहून पत्रिका परत आलेली. मी देवापुढे हात जोडले, एकवीस संकष्ट्या करीन, बाप्पा, पण पोरीचं जमू दे.

एकदा वाती वळत बसले होते, तर सुनंदा म्हणाली, "आई, तुझ्या मंगळाला दोन चंद्र आहेत, माहीत आहे?" पोरगी बी.एस्सी.ला, इथेच जळगावच्या कॉलेजात. "लहानसे, बटाट्यासारखे वेडेवाकडे. त्यातला जवळचा इतका घाईत असतो, की दिवसातून दोनदा उगवतो. तोही पश्चिमेला!"

मला तर धन्य वाटलं. आपला एकच चंद्र, तो उगवायला आपल्याला रडवतो. आणि ह्या मंगळाकडे दोन-दोन! मी ते पक्कं लक्षात ठेवलं. कशाला ठेवलं?

विसावी संकष्टी अंगारकी आली, आणि नेमके त्याच दुपारी धुळ्याचे पाहुणे. मुलगा प्रकाश, साक्रीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा. बरोबर त्याचे आईवडील, अक्का आणि आबा. सुनंदा पोह्यांच्या बश्या घेऊन आली. आबांनी घेतली, मुलाने घेतली. अक्कांनी लांबूनच हात जोडले.

"माले अंगारकी शे. चंद्र देखाशिवाय मी पानी बी पेत नही."

झालं! आमच्याकडे रीत अशी, की मुलगी पसंत असेल तर तिच्या घरचं गोड तोंडात घालून उठायचं. पाण्यालाही न शिवता उठले, की आपण काय ते ओळखायचं. अक्कांना सहाची एस.टी. गाठायची होती आणि चंद्रोदय नऊच्या पुढे. नैवेद्याचे कणकेचे मोदक आत तळून तयार, आणि ही बाई कोरड्या तोंडाने धुळ्याला जाणार? चौथी पत्रिका परत?

आणि मी बोलले.

"अक्का, अंगारकी म्हणजे मंगळाची ना? मग मंगळाचा स्वतःचा चंद्र चालेल की! त्याचा दिवसातून दोनदा उगवतो."

अक्कांनी मुलाकडे पाहिलं. "परकास, खरं शे का रे?"

मुलाने बशीतून मान वर केली. सुनंदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंगळाला दोन चंद्र आहेत, आई. आणि जवळचा दिवसातून दोनदा उगवतो, हेही खरं."

आता मास्तरच म्हणाला म्हटल्यावर! मी अक्कांचा हात धरून त्यांना थेट गच्चीवर नेलं. चारचं ऊन. पश्चिमेला तोंड करून आम्ही दोघी उभ्या, सूर्य थेट डोळ्यांत. तांब्याचं ताम्हन, लाल फूल, अक्षता, सगळं साग्रसंगीत.

शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या काकूंनी विचारलं, "सूर्याला अर्घ्य का हो, वहिनी?"

"नाही, मंगळाच्या चंद्राला!"

काकू अर्धे पापड तसेच टाकून खाली निघून गेल्या.

उपास सुटला. माझाही आणि अक्कांचाही. पहिला मोदक त्यांनी जरा बिचकतच तोंडात घातला. सुनंदा वाढत गेली. पाचव्याला आबा मिशीतल्या मिशीत हसले. "पाच मोदक खाईसन आते नही कशी म्हनशी वं?"

अक्का ताटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी कोठे नही म्हनी?"

जमलं! बाप्पा पावला म्हणून मी गल्लीभर पेढे वाटले.

लग्नानंतर जावई पहिल्यांदा राहायला आले, तेव्हा मी कौतुकाने विचारलं, "त्या दिवशी तो चंद्र नक्की कुठे होता हो? मला तर उन्हात काही दिसलाच नाही."

"मामी, तो दोनदा उगवतो ते मंगळावर उभं राहून पाहिलं तर. इथून दिसायला मोठी दुर्बीण लागते."

म्हणजे माझी विसावी संकष्टी भर दुपारी मोडली! (मग पुन्हा पहिलीपासून धरल्या, काय करणार?)

"अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

जावई लाजले. "कसं सांगणार? आमची आई अंगारकीला खिचडी खाते, केळी खाते, चहा तर चारदा घेते. चंद्र पाहिल्याशिवाय पाणीही नाही, हे ती फक्त मुलगी नाकारायची असली की म्हणते."

म्हणजे बघा! नकार देऊन उठायला निघालेल्या बाईला मी गच्चीवर उन्हात उभं केलं, जळगावात कधीच न उगवणाऱ्या चंद्राला अर्घ्य द्यायला लावलं, आणि वर पाच मोदक चारले. आणि वर्षभर सगळ्यांना सांगत काय होते? अक्कांना आमची सुनंदा बघताक्षणीच आवडली!