पास्कलकाकांनी मागितलेली जागा

पास्कलकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चिखल हुंगत होते. नायगावचा कारखाना बंद पडला, तिशीला टेकलेला मी बेकार झालो आणि त्यांच्या बोटीवर खलाशी म्हणून चढलो. जाळं सोडण्याआधी काकांनी दोरीला बांधलेलं शिशाचं वजन तळापर्यंत सोडलं. वजनाच्या बुडाला साबण चोपडलेला होता. वर ओढल्यावर साबणाला चिकटून आलेला चिखल त्यांनी बोटांवर घेतला, त्यातल्या बारीक शिंपल्या आणि वळवळणारे किडे निरखले आणि मग वास घेतला. मला हसू आलं.

"पानी कोनीपन बगतं," ते म्हणाले. "मासा तळाला जेवतो. त्याचं ताट बगायचं आनी मंग जाळं टाकायचं."

काकांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला चांगलं लिहायला सांगितलं आहे. खरं लिहिलं तर काकांबद्दल चांगलंच लिहावं लागतं. आमच्याबद्दल मात्र तसं होत नाही, त्याला माझा इलाज नाही.

वसईच्या समुद्रात काकांची एक जागा होती. चर्चचा मनोरा आणि तुंगारेश्वर डोंगराचा शेंडा एका रेषेत आला आणि साबणाला शिंपल्यांचा लालसर चिखल लागला, की ती जागा आली. घोळ आणि ढोमा हे मासे तिथे पोटात गाभोळी घेऊन अंडी घालायला यायचे. त्या दिवसांत काका तिकडे फिरकत नसत. एरवीही तिथे गळाशिवाय काही टाकत नसत. मी त्यांच्या बोटीवर होतो त्या बारा वर्षांत ती खूण त्यांनी फक्त मला सांगितली. त्याचा मला केवढा अभिमान होता.

याच माणसाने, माझी बायको पंधरा दिवस इस्पितळात होती तेव्हा, रोज सायकलवरून पेजेचा डबा आणला. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, "डबा धुऊन दे, बास."

पुढे मी स्वतःचा ट्रॉलर घेतला. काकांना तळ खरवडणारं जाळं पसंत नव्हतं, तरी पूजेला आले, नारळ फोडला आणि आपलं शिशाचं वजन माझ्या हातात ठेवलं. "तिकडं तेवढ्या फळ्या नेऊ नको," एवढंच म्हणाले. ट्रॉलचं तोंड उघडं ठेवणाऱ्या लोखंडी बांधणीच्या त्या फळ्या तळावरून घासत जातात. सारवलेल्या अंगणात नांगर घालावा तसं होतं. मी म्हणालो, "नाही नेणार, काका."

दोन हंगाम शब्द पाळला. तिसऱ्याला कोळंबी मिळेना आणि मी तिकडे वळलो. तोवर नायगावच्या टॉवरांनी डोंगराचा शेंडा झाकला होता. काकांचंच वजन सोडून, चिखल बघत मी जागा शोधली आणि पुन्हा शोधायला नको म्हणून ती जीपीएसवर टिपून ठेवली. मूर्खपणा म्हणा, हावरटपणा म्हणा, दोन्ही खरं आहे. माझी बोट हाकणारा तांडेल दुसऱ्या बोटीवर गेला आणि खूण बरोबर घेऊन गेला. तिथून ती एका मशीनवरून दुसऱ्यावर फिरत राहिली. हंगाम संपेपर्यंत त्या जागेवर बोटींची रांग लागली होती. ज्यांच्या बोटी होत्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे लेख याच ग्रंथात आहेत.

गेल्या वर्षी काका माझ्या बोटीवर आले आणि त्या जागेवर वजन सोडायला लावलं. काळा, गुळगुळीत चिखल आला. सडक्या अंड्याचा वास, शिंपली औषधालाही नाही. मग जाळ्यातला एक ढोमा उचलून त्यांनी सुरीने चिरला. कल्ल्यांत गाळ भरलेला, पोट रिकामं, गाभोळी नखाएवढी.

"उपाशी हाय रे," ते म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी सुरी धुतली आणि माझ्या बायकोची तब्येत विचारली.

सत्काराचं ठरलं तेव्हा समितीने त्यांना काय हवं ते विचारलं होतं. काका म्हणाले, शाल नको, श्रीफळ नको. सगळ्यांनी मिळून ती जागा पाच वर्षं सोडा. सभेत कोणी मोबाईल काढला, कोणी चहाचं विचारलं. मीही मान खाली घालून चटईच्या काड्या मोडत बसलो. मग कोणीतरी गौरवग्रंथाची सूचना मांडली आणि ती एकमताने मंजूर झाली. तोच हा ग्रंथ.

परवा मी काकांकडे गेलो. माझी बोट यापुढे तिथे जाणार नाही, हे सांगितलं. इथे छापूनही देतो, म्हणजे उद्या मला शब्द फिरवता येणार नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनी बाकीचे?"

याचं उत्तर तुम्ही, ज्यांच्या बोटी तिथे जातात त्यांनी, द्यायचं आहे. समारंभात त्यांच्या खांद्यावर शाल घालताना ते तुमच्याकडे बघतील, तेव्हा नजर वळवू नका.

काका सांगतात, फळ्या आज थांबल्या तरी तळ भरून यायला पुष्कळ वर्षं जातील. तेवढी सगळी वर्षं त्यांना धडधाकट मिळोत. साबणाला शिंपली लागलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, एवढंच माझं मागणं आहे. त्यांनी दिलेलं ते शिशाचं वजन अजून माझ्या बोटीवर आहे.