भूल देताना हात न जळणेबाबत

शेवगावच्या तहसील कचेरीसमोरील लिंबाखाली बसून मी गेली अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज कोणत्याही टेबलावरून परत आल्याचे स्मरत नाही. अपवाद एकच, आणि तो अर्ज माझा स्वतःचा होता.

दुर्बिणीतून हर्नियाचे ऑपरेशन करण्याचे ठरले, तेव्हा मला पोटाची चिंता नव्हती. चिंता होती ती भुलीच्या इंजेक्शनची. दोन वर्षांपूर्वी सौभाग्यवतीचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, त्या वेळी भुलीचे पांढरे औषध शिरेतून जाताना हाताची जी आग झाली, ती तिने सगळ्या गल्लीस सांगितली होती. "मिरच्या कांडून हात चुलीवर धरल्यावानी झालं. मी तर हातच वढून घेतला." माझा उजवा हात म्हणजे माझे दुकान. शिवाय मी ओरडलो असतो, तर ती बातमी कचेरी उघडण्यापूर्वीच लिंबाखाली पोचली असती.

तोंडी विनंतीवर माझा विश्वास नाही. म्हणून आदल्या दिवशी दवाखान्यातील खाटेवर बसून मी अर्ज लिहिला. 'सदर औषधामुळे होणारी जळजळ', 'अर्जदाराचा हात हे उपजीविकेचे एकमेव साधन असल्याकारणाने' अशी योग्य ती वाक्ये त्यात घातली. पोच घेण्यासाठी दुसरी प्रतही केली.

"दुखंल म्हनून डॉक्टरला अर्ज," सौभाग्यवती म्हणाली. "मला तर कुनी इचारलं पन न्हाई."

"तू अर्ज केला नव्हतास," मी म्हणालो.

सकाळी परिचारिकेने नेमक्या उजव्याच हाताच्या पाठीवर सुई बसवली. डाव्या हाताच्या पाठीवर तिला शीर गवसेना. इतक्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. सौभाग्यवतीने अर्ज पुढे केला आणि त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. अर्ज शेवटपर्यंत वाचणारा अधिकारी मी क्वचितच पाहिला आहे.

"काका, अर्ज उत्तम आहे. पण मंजूर कसा करू? अर्जदाराची सहीच नाही."

मी पाहिले. तळाशी 'अर्जदाराची सही अथवा अंगठा' असे सुवाच्य लिहून पुढची जागा मी सवयीने कोरी सोडली होती. तेथे नेहमी समोरच्याने सही करावयाची असते. पेन धरू गेलो, तर सुई रुतू लागली.

"मंग अंगठा द्या की," सौभाग्यवती म्हणाली. "लोकांचा घेता तसा."

काउंटरवरून शाईचे पॅड आले. पुरुषाचा डावा अंगठा, हा नियम मीच सर्वांना सांगत असतो. तिने माझा अंगठा पॅडवर दाबला, दोन्ही प्रतींवर टेकवला आणि हुबेहूब माझ्या सुरात म्हणाली, "हलवू नका, पुसट उमटंल."

डॉक्टरबाईंनी मात्र अर्जाची खरोखरच दखल घेतली. "हाताच्या पाठीवरच्या शिरा बारीक असतात, तिथे जास्त झोंबतं," असे म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर त्यांनी डाव्या कोपराच्या खळगीत जाड शीर शोधली आणि तेथे नवी सुई बसवली. दंडाला रबरी पट्टा आवळून आधी शीर बधिर करणारे औषध सोडले, मिनिटभर थांबल्या, मग पट्टा सैल केला.

"आता पांढरं औषध. जळलं तर सांगा, काका. तोंडी चालेल."

कोपराशी गार वाटले, किंचित चुणचुणले, एवढेच. यावर सविस्तर जबाब द्यावा म्हणून मी तोंड उघडले.

जाग आली, तेव्हा सौभाग्यवती पोचेची प्रत घेऊन शेजारी बसली होती. डॉक्टरबाईंचा शेरा तिने अक्षर लावून वाचून दाखवला: "अर्ज मंजूर. अर्जदाराने हात ओढला नाही. 'सदर' एवढेच बोलून अर्जदार झोपले."

मग प्रतीची घडी घालत ती म्हणाली, "माज्या टायमाला न्हाई सुचला तुमाला असला अर्ज."

मी उजवा हात उचलून पाहिला. तो शाबूत होता. लोक अंगठ्याची शाई डोक्याच्या केसांना पुसतात, त्यावरून मी त्यांना नेहमी हटकतो. ती पाणी आणायला वळली, तेव्हा मी डावा हात हळूच डोक्याकडे नेला.